नळी कुणाची, गॅस कुणाचा?

गेल्या महिन्यात मेव्हण्याचा फोन आला. शिरोली एमआयडीसीत त्याचं हीट ट्रीटमेंटचं छोटं युनिट आहे. फौंड्रीवाल्यांचं कास्टिंग येतं, भट्टीत तापतं, सावकाश थंड होतं आणि परत जातं. भट्टी डिझेलवर चालते, ती पाइपच्या गॅसवर न्यायची त्याची खटपट चाललीय. "दाजी, कराराचा कागद आलाय, जरा बघायला या. गॅस जाळला नाही तरी पैसे द्यायचे असं लिहिलंय त्यात. हे कुठलं शास्त्र?"

मी आयुष्यभर बँकेच्या कर्ज विभागात होतो. त्यामुळे घरात कुणाकडे बारीक अक्षरातला कागद आला की तो माझ्या पुढ्यात येतो. गेलो. कलम खरंच होतं: ठरवून घेतलेल्या गॅसपैकी एक किमान वाटा उचललाच पाहिजे, नाही उचलला तरी त्याचं बिल येणार.

मी विचारलं, "थोरलीच्या लग्नात कार्यालयवाल्याला किती ताटं सांगितली होतीस?"

"पाचशे."

"जेवली किती?"

"पाऊस होता हो. साडेतीनशे."

"आणि पैसे?"

तो नुसता बघत राहिला. पाचशे ताटांचेच दिले होते, आणि उरलेली जिलेबी आम्ही आठवडाभर खाल्ली होती.

या न जेवलेल्या ताटांची गोष्ट मोठी आहे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या बलाढ्य गॅस कंपन्या याच कलमापायी गाळात गेल्या. गॅसचा धंदा आज जगात बऱ्याच ठिकाणी दोन तुकड्यांत विभागलेला दिसतो, नळीवाले वेगळे आणि गॅस विकणारे वेगळे. अमेरिकेतल्या त्या फाळणीच्या मुळाशीही हेच कलम आहे.

आधी जुनी व्यवस्था समजून घेऊ. गॅस जमिनीतल्या विहिरीतून निघतो, शेकडो किलोमीटरच्या मोठ्या पाइपलाइनमधून शहराच्या वेशीपर्यंत येतो आणि तिथून बारीक नळ्यांनी घरात, कारखान्यात जातो. अमेरिकेत पाइपलाइन कंपनी विहिरीवर गॅस विकत घ्यायची, वाहून आणायची आणि शहरातल्या गॅस कंपनीला विकायची. शहरातली कंपनी तो घरोघर विकायची. आपल्या मार्केट यार्डाच्या भाषेत सांगायचं तर अडत्या, हुंडेकरी (भाड्यानं माल वाहून नेणारा) आणि व्यापारी एकच माणूस. गूळही त्याचा, ट्रकही त्याचा, भावही तोच सांगणार. पट्टीवर हमाली किती, तोलाई किती, भाडं किती हे वेगळं लिहायचा प्रश्नच नाही. एकच आकडा, पटला तर घ्या.

हे चालू दिलं कारण नळी ही चीजच तशी आहे. एका बोळातून दोन कंपन्यांनी दोन नळ्या टाकणं हा शुद्ध वेडेपणा. कोल्हापुरात पाइपलाइन म्हटलं की आपल्याला काळम्मावाडी धरणाचीच आठवते. वर्षानुवर्षं वाट पाहून तिथून पाणी शहरात यायला २०२३ ची दिवाळी उजाडली. एक नळी आणायला एवढं लागतं, तर स्पर्धेसाठी दुसरी कोण टाकणार? म्हणून तिकडे अमेरिकेत सरकारनं कंपन्यांशी सौदा केला. मक्तेदारी तुमची, पण दर आमचा आयोग ठरवणार. झालेला खर्च अधिक वाजवी नफा, एवढंच मिळेल. कंपन्यांना हे फार मानवलं. जितकी नळी जास्त तितका नफा जास्त, आणि गॅसची खरेदी किंमत जशीच्या तशी गिऱ्हाइकाच्या अंगावर. असा बिनघोर धंदा मी कर्ज विभागात असताना एकही पाहिला नाही.

बिघडलं ते विहिरीपाशी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या एका निकालानं विहिरीवरचा भावही सरकारी नियंत्रणाखाली आला. राज्याराज्यांतून जाणाऱ्या गॅसला भाव बांधलेला, पण राज्याच्या आतच विकला तर मोकळा. विहीरमालक काय करणार? आतल्या आत विकू लागले. बाहेरच्या थंड राज्यांना गॅस पुरेना. १९७६-७७ च्या हिवाळ्यात तिथल्या शाळा आणि कारखाने बंद ठेवायची वेळ आली. भाव कागदावर स्वस्त आणि दुकानात माल नाही, हे रेशनचे दिवस पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

१९७८ मध्ये कायदा बदलला, नव्या विहिरींच्या गॅसला चढा भाव मिळू लागला. टंचाईनं पोळलेल्या पाइपलाइन कंपन्यांनी मग विहीरमालकांशी वीस-वीस वर्षांचे करार केले. मागाल त्या भावाला गॅस द्या, आम्ही उचलू, नाही उचलला तरी पैसे देऊ. पाचशे ताटं सांगून झाली आणि मग पाऊस आला. मंदी आली, पुढे तेल स्वस्त झालं, लोक काटकसर शिकले होते, महाग गॅसमुळे कारखाने दुसऱ्या इंधनावर गेले. मागणी बसली. बाजारात गॅस स्वस्त आणि मुबलक, पण पाइपलाइन कंपन्यांच्या गळ्यात जुना, महाग, न जेवलेला गॅस. अब्जावधी डॉलरची देणी. कोलंबिया गॅस या मोठ्या कंपनीनं तर १९९१ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

या सगळ्यात एक चीड आणणारी गोष्ट होती. कारखानदाराला समोर स्वस्त गॅस दिसत होता, पण तो आणायची नळी महाग गॅसवाल्याची. कारखानदार म्हणू लागले, तुमचा माल राहू दे, माझा माल वाहून आणा, भाडं देतो. १९८५ साली अमेरिकेच्या केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगानं आदेश क्रमांक ४३६ काढला. त्याचा मतितार्थ एवढाच: एकाचा माल वाहायला घेतलात तर सगळ्यांचा घ्या, त्याच अटींवर. १९८९ च्या कायद्यानं विहिरीवरचं दरनियंत्रण काढायचं ठरलं आणि १९९३ च्या जानेवारीपर्यंत ते पूर्ण उठलं. मधल्या काळात, १९९२ मध्ये, आदेश क्रमांक ६३६ आला आणि त्यानं फाळणीवर शिक्का मारला. पाइपलाइन कंपनीनं वाहतूक वेगळी, विक्री वेगळी, साठवण वेगळी करायची. प्रत्येकाचा दर वेगळा. थोडक्यात, शेठजींनी आता फक्त हुंडेकरी व्हायचं.

जुन्या न जेवलेल्या ताटांचं काय झालं? काही पैसे कंपन्यांनी सोसले, काही गिऱ्हाइकांवर पसरले. लग्न कुणाचं आणि वर्गणी कुणाकडून, असं झालं खरं.

इथं एक गैरसमज काढून टाकू. 'नियंत्रण उठलं' म्हटलं की वाटतं, सगळंच मोकाट सुटलं. तसं झालं नाही. गॅसचा भाव मोकळा झाला, नळीचं भाडं अजूनही आयोगच ठरवतो. किंबहुना नळीवरचा पहारा जास्त कडक झाला, कारण आता त्याच नळीतून प्रतिस्पर्ध्यांचा माल जातो.

आपल्याला हे समजायला अमेरिकेला जायची गरजही नाही. घरातलं महावितरणचं बिल काढा. ६ जून २००५ ला जुन्या वीज मंडळाची वाटणी झाली: वीज तयार करायला महानिर्मिती, मोठ्या तारांवरून आणायला महापारेषण, घरात द्यायला महावितरण, आणि वर एक सूत्रधारी कंपनी. मंडळाच्या काळात सगळं एका छपराखाली होतं. आता बिलावर बघा, वीज आकार वेगळ्या ओळीत, वहन आकार वेगळ्या ओळीत, शिवाय स्थिर आकार. वहन आकार म्हणजेच तारेचं भाडं, हुंडेकऱ्याचा हिशेब. गॅसचं तेच झालं, तारेऐवजी नळी एवढाच फरक.

आता कंपन्यांनी स्वतःला कसं बदललं ते पाहू. या धंद्यातली खरी गंमत इथं आहे.

बहुतेकांनी मोडता येत नव्हतं तिथं वाकवलं. वर एक मूळ कंपनी, खाली दोन मुलं. एक नळी सांभाळणारा, आयोगाच्या नजरेखाली, नफा माफक पण खात्रीचा. दुसरा गॅसचा व्यापारी, मोकळा, नफा-तोटा त्याचा त्याला. कागदावर वाटणी झाली, पण एकाच वाड्यात दोन चुली मांडल्या म्हणून शेजारच्या चुलीवर काय शिजतंय ते कळायचं राहतं का? समजा, उद्या अमुक ठिकाणी दुरुस्तीसाठी झडप बंद ठेवायचीय, हे नळीवाल्या भावाला आज कळलं. त्यानं ते व्यापारी भावाच्या कानात सांगितलं, तर तो रातोरात गॅस घेऊन ठेवील आणि सकाळी चढ्या भावानं विकील. म्हणून नियम आले. दोघांची माणसं वेगळी, आणि नळीत किती जागा रिकामी आहे ही माहिती सगळ्यांना एकाच वेळी जाहीर. माझ्या मते सगळ्या सुधारणेत हाच भाग सर्वांत अवघड. मालमत्ता वाटता येते, कान वाटता येत नाहीत.

दुसरा बदल कमाईच्या हिशेबात. शहरातल्या कंपनीची नळी एकदा पुरली की खर्च जवळपास ठरलेला, मग त्यातून गॅस कमी वाहो की जास्त. पण कमाई मात्र युनिटमागे. लोकांनी चांगल्या शेगड्या आणल्या, गॅस वाचवला, की कंपनी तोट्यात. म्हणजे ज्यानं गिऱ्हाइकाला काटकसर शिकवायची त्याचंच काटकसरीत नुकसान. अनेक राज्यांनी मग कंपनीची कमाई विक्रीपासून सोडवली. मंजूर झालेल्या रकमेपेक्षा कमी जमलं तर पुढच्या दरात भरून घ्या, जास्त जमलं तर परत करा. काही ठिकाणी सरळ स्थिर आकार वाढवला. कमी वापरणाऱ्या गरिबाला तो बोचतो, आणि ती तक्रार रास्त आहे.

तिसरी गोष्ट बेगमीची. पूर्वी कडाक्याच्या थंडीत एकदम गॅस जास्त लागला तर ती पाइपलाइन कंपनीची चिंता असायची. फाळणीनंतर ती शहरातल्या कंपनीच्या डोक्यावर आली. आपण मे महिन्यात वर्षाचा तांदूळ भरतो, चटणी कांडून बरणीत दाबतो, तसा या कंपन्या उन्हाळ्यात स्वस्त गॅस घेऊन रिकाम्या झालेल्या जुन्या विहिरींत आणि मिठाच्या भूमिगत पोकळ्यांत भरून ठेवू लागल्या. ज्यांना पूर्वी फक्त पाइप आणि मीटर कळायचे, त्या कंपन्यांनी खरेदीचं खातं उभं केलं. काही गॅस लांबच्या कराराचा, काही महिन्याच्या बोलीचा, काही आजच्या बाजाराचा. १९९० पासून न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात गॅसचे वायदे सुरू झाले. लुइझियानातल्या हेन्री हब नावाच्या पाइपलाइनच्या जंक्शनवरचा भाव सगळीकडे बोलला जाऊ लागला, जसा गुळाला कोल्हापूरचा भाव विचारतात.

आणि काहींनी टोकाचा मार्ग धरला: गॅस विकणंच सोडून दिलं. जॉर्जिया राज्यात १९९७ च्या कायद्यानं अटलांटा गॅस लाइट कंपनीनं असंच केलं. नळी आणि मीटर तिचे, पण घरोघर गॅस विकणारे व्यापारी वेगळे. साधारण १४ लाख गिऱ्हाइकांना १९९८ च्या शेवटापासून सांगण्यात आलं, आपला गॅसवाला निवडा. ज्यांनी निवडला नाही त्यांना १९९९ च्या ऑगस्टमध्ये परस्पर कुणाच्या तरी पदरात टाकलं. बिलांचे घोळ झाले. मग २०००-०१ चा हिवाळा आला, गॅस भडकला, बिलं पेलवेनात, लोकांची कनेक्शनं तुटली. काही व्यापारी बुडाले. कंपनीचं मात्र काही बिघडलं नाही, नळीचं भाडं येतच होतं. २००२ मध्ये राज्याला पुन्हा कायदा करावा लागला: ग्राहकांचे हक्क लिहून काढले, आणि ज्यांना कुणी दारात उभं करत नाही अशांसाठी नियंत्रित दराचा एक पुरवठादार नेमला. म्हणजे मोकळ्या बाजारातही शेवटचा एक दरवाजा सरकारला उघडा ठेवावाच लागला.

ब्रिटननं उलट्या टोकानं सुरुवात केली. सरकारी ब्रिटिश गॅस १९८६ ला अखंडच विकायला काढली. सरकारी मक्तेदारी जाऊन खासगी मक्तेदारी आली. चूक उमगायला दहा वर्षं गेली. १९९७ मध्ये कंपनीचे दोन तुकडे झाले. विक्री आणि जुने महाग करार सेंट्रिकाकडे, नळ्या आणि उत्खनन बीजीकडे. करार निभवायला सेंट्रिकाला मोरकॅम्बचं गॅसक्षेत्रही देण्यात आलं, सुनेला जबाबदारी आणि सोबत दोन दागिने द्यावेत तसं. १९९८ पर्यंत प्रत्येक घराला पुरवठादार निवडता येऊ लागला. पुढे असे पुरवठादार भरमसाट वाढले. कित्येकांकडे ना विहीर, ना साठा, ना दूरचा करार, नुसतं कॉल सेंटर आणि बिलाचं सॉफ्टवेअर. २०२१ मध्ये गॅस भडकला तेव्हा असे दोन डझनांहून जास्त पुरवठादार पत्त्यांसारखे कोसळले.

आता जरा घाट उतरून कोकणात येऊ. ह्यूस्टन नॅचरल गॅस आणि इंटरनॉर्थ या दोन पाइपलाइनवाल्या कंपन्या १९८५ ला एकत्र आल्या आणि त्यातून एन्रॉन झाली. मोकळ्या झालेल्या बाजारात तिनं ओळखलं की नळी बाळगण्यापेक्षा गॅसच्या कागदाचा व्यापार जास्त देतो. पुढे कागदच कागद झाला आणि डिसेंबर २००१ मध्ये ती बुडाली. आपल्याला ती ठाऊक आहे दाभोळमुळे. तिथला वीज मंडळाशी झालेला करारही ताटांचाच होता: वीज घ्या किंवा घेऊ नका, ठरीव रक्कम भरा. मंडळाला ती ताटं पेलली नाहीत, २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. २००५ मध्ये सरकारी कंपन्यांनी तो हाती घेतला. आणि त्याच दाभोळपासून 'गेल' या सरकारी गॅस कंपनीची बंगळुरूपर्यंतची पाइपलाइन निघते, २०१३ मध्ये सुरू झालेली. ती घाट चढून रत्नागिरीतून कोल्हापूर जिल्ह्यात येते आणि बेळगावकडे जाते. मेव्हण्याच्या भट्टीसाठी नळी शोधत निघालं की माणूस त्याच ओळखीच्या पत्त्यावर पोचतो.

आपल्याकडे फाळणी अर्धीच झालीय. २००६ च्या कायद्यानं पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ आलं. ते शहर किंवा जिल्ह्यासाठी बोली मागवतं आणि एकाच कंपनीला परवाना देतं. कोल्हापूरचं क्षेत्र हिंदुस्थान पेट्रोलियम आणि ऑइल इंडिया यांच्या संयुक्त कंपनीकडे आहे. अशा कंपनीला नळ्या टाकण्याचा मक्ता २५ वर्षांचा, पण विक्रीचा मक्ता त्याहून पुष्कळ कमी वर्षांचा. तो संपला की दुसऱ्यानं भाडं देऊन त्याच नळीतून गॅस विकावा, अशी कल्पना. दिल्लीत मक्ता संपण्यावरून प्रकरण कोर्टात गेलं. आणि गंमत अशी की गिऱ्हाइकाला किती दरानं विकायचं ते ठरवायचा अधिकार या मंडळाला नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये सांगितलं. म्हणजे अमेरिकेत स्पर्धा आली आणि शहरातल्या नळीच्या दरावर पहारा राहिला. आपल्याकडे स्पर्धा यायची आहे आणि किरकोळ दर आत्ताच मोकळा.

बाकीचे बदल सावकाश चाललेत. २०२० च्या जूनमध्ये गॅसचा बाजार, इंडियन गॅस एक्स्चेंज, सुरू झाला. १ एप्रिल २०२३ पासून देशातल्या जोडलेल्या मोठ्या पाइपलाइनींना अंतराच्या टप्प्यांनुसार एकसारखं भाडं लागू झालं. आधी दोन-तीन पाइपलाइनींतून आलेल्या गॅसला प्रत्येकीचं भाडं वर चढायचं. गेल मात्र अजून नळीही चालवते आणि गॅसही विकते. तिचे दोन भाग करावेत ही चर्चा अनेक वर्षं नुसती शिजतेय.

मेव्हण्यानं मधेच थांबवलं. "ते सगळं खरं दाजी, पण माझ्या कागदात ताटं कुठनं आली?"

वरून आली. बाहेरून जहाजानं येणारा गॅस पुष्कळदा लांबच्या करारावर घेतलेला असतो. असा गॅस आणणाऱ्या पेट्रोनेट कंपनीचा कतारशी २५ वर्षांचा करार आहे, २००४ पासूनचा, आणि त्यातही न उचललेल्या गॅसचे पैसे द्यायची अट. २०१५ मध्ये बाजारात गॅस स्वस्त झाला, कराराचा महाग, तेव्हा आपल्या लोकांनी कमी उचलला. वर्षाच्या शेवटी कतारशी बोलून भावाचं सूत्र बदलून घेतलं आणि दंडही माफ करून घेतला. प्रत्येकाला कतारसारखा समजूतदार व्याही भेटत नाही. त्यामुळे वरच्यानं खालच्याला, खालच्यानं आणखी खालच्याला तेच कलम लावलं, आणि ते जिरत जिरत शिरोलीत आलं. नियंत्रण असो वा नसो, न जेवलेलं ताट कुणाच्या तरी पंक्तीला बसतंच. पूर्वी ते सगळ्या गिऱ्हाइकांच्या दरात गुपचूप वाटलं जायचं, आता करारात नाव घालून लिहिलेलं असतं.

"मग कमी ताटं सांगू?"

"सांग की. पण कामाच्या रेट्यात जास्त लागला तर जादा गॅस त्या दिवसाच्या बाजारभावानं मिळेल, ते पुढच्या पानावर आहे."

त्यानं पान उलटलं. खिशातून पेन्सिल काढून गेल्या वर्षीचं भट्टीचं रजिस्टर मागवलं, त्यावर डिझेलच्या बोटांचे काळे ठसे होते. दिवाळीचे आठ दिवस बंद, त्र्यंबोली यात्रेला माणसं येत नाहीत, ऑगस्टमध्ये एका फौंड्रीची ऑर्डरच नव्हती. बंदच्या दिवसांवर त्यानं एकेक गोल केला आणि महिन्यांची बेरीज मांडली. किमान वाटा रोजच्या ऐवजी महिन्यावर मोजता येईल का, हे कंपनीच्या माणसाला विचारायचं, असं कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं.

मग उठून शेडच्या दारात गेला आणि मिस्त्रीला ओरडून सांगितलं, "गॅस आला तरी डिझेलचा बर्नर काढायचा न्हाई, आणि टाकी भंगारात द्यायची न्हाई. ऐकलंस काय?"